दोनच सीटांची

लिलाव सुरू व्हायचा होता. दालनाबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. त्यांच्या वडिलांची उघड्या टपाची जुनी गाडी आत विकायला उभी होती.

"ताई, अशी गाडी जगात एकच आहे म्हणे. कंपनीने नुसतं इंजिन आणि चासी दिली होती. बॉडी बाबांनी कारागिराकडून हवी तशी बांधून घेतली."

"मला सांगतोस? मी होते तिथे."

"त्याने बांधलेल्या बाकीच्या सगळ्या चार सीटांच्या. दोन सीटांची ही एकटीच. म्हणून तर हे हौशी लोक तुटून पडलेत."

"तेव्हा आपण घरात किती माणसं होतो रे?"

"चार."

"कारागिरानेही हेच विचारलं होतं. तू आईच्या कडेवर होतास. बाबा म्हणाले, मागे सीट लावली की गाडीची रया जाते."

"मग आपण कसे जायचो?"

"बसने. आपण स्टॉपवर उभे असलो की बाबा हॉर्न वाजवून पुढे जायचे. तू टाळ्या वाजवायचास."

"आई तरी बसायची ना शेजारी?"

"आणि आपल्याला बसमध्ये कोण नेणार?"

"मग ती दुसरी सीट?"

"तिच्यावर बाबांचा कोट असायचा. चुरगळू नये म्हणून."

तेवढ्यात लिलाववाले गृहस्थ बाहेर आले.

"गाडीबरोबर कुटुंबाचा एखादा जुना फोटो मिळेल का? गिऱ्हाइकांना आवडतं."

"एक आहे," बहीण म्हणाली. "बाबांनीच काढलेला, गाडीत बसून. आम्ही तिघं बसस्टॉपवर उभे आहोत."