सोमवारचा पेशंट, गुरुवारचा पेशंट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख विश्वस्त माननीय सुश्रुत गोरेगावकर, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, दवाखान्यातले माझे सहकारी, आणि रविवारची सकाळ मोडून इथवर आलेल्या डोंबिवलीकर बंधू-भगिनींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. चार वक्ते माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मी निवृत्त होतोय की कायमचाच जातोय, अशी शंका आली. हसा, हरकत नाही. मनाच्या आजारांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं काढल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात. मी नुसता दमलोय. तेव्हा सजवून बोलणं आज जमणार नाही.

मानपत्रात एक वाक्य आहे. जुगाराचं व्यसन आणि मनाचे इतर आजार यांवर एकत्र उपचार करण्याची पद्धत आपल्या दवाखान्यात डॉक्टर आनंद वर्तक यांनी, म्हणजे मी, सुरू केली. हे ऐकताना मला बसवेना. कारण ते खरं नाही.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्याकडे दोन रंगांचे केस पेपर असायचे. पिवळा मनाच्या आजारांचा, सोमवारी. गुलाबी व्यसनांचा, गुरुवारी. दोन्ही दिवशी मीच तपासायचो, पण कपाटं वेगळी आणि वरिष्ठांना जाणारे अहवालही वेगळे. सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. त्यांना आपण सहदेव म्हणू. हे खरं नाव नव्हे, आणि ही हकीकत सांगायला त्यांनी व त्यांच्या पत्नीने परवानगी दिलेली आहे. मानपाड्याच्या एका कंपनीत नोकरी, राहायला मोहन्याला. मोबाइलवर पत्त्यांचा पैशांचा खेळ खेळायचे. जेवताना, कामावर, देवळाच्या रांगेतसुद्धा. आणि आतून माणूस पार विझलेला. मुलीशी बोलणं बंद, अंघोळीचाही कंटाळा.

सोमवारी मी त्यांना म्हणालो, आधी तीन महिने खेळ बंद करा, मग उदासीच्या गोळ्यांचं बघू. गुरुवारी आमचे समुपदेशक म्हणाले, मन जरा थाऱ्यावर येऊ द्या, मग खेळ सोडवू. दोन्ही सल्ले आम्ही अगदी मनापासून दिले. सहदेव मान डोलवायचे आणि पुढचा नंबर घ्यायचे. एकदाच मला म्हणाले, "डॉक्टर, खेळ थांबवला की डोकं खायला उठतं. ते गप्प करायला परत खेळतो. मी सुरुवात कुठून करू?" मी काय उत्तर दिलं असेल? गुरुवारी या, म्हणालो.

केस पेपरच्या खिडकीवर तेव्हा दर्शनाताई बसायच्या. आजही बसतात. आता या क्षणी त्या मागे चहाच्या कपांपाशी उभ्या आहेत आणि माझ्याकडे बघायचं टाळतायत. त्यांनी एका गुरुवारी सहदेवांचा गुलाबी पेपर काढला, सोमवारचा पिवळाही काढला, आणि दोन्हींना एकत्र पिन मारून माझ्या टेबलावर ठेवले. मी चिडलो. अहवालातले आकडे चुकतील, म्हणालो. त्या म्हणाल्या, "सर, पिन मी मुद्दाम लावलीय. माणूस एकच आहे ना?"

मी ती पिन माझ्या हाताने काढली. दोन पेपर दोन कपाटांत गेले. सहदेवांच्या समोर मी ताईंना बोललो, तेही जरा जास्तच.

पुढच्या सोमवारी सहदेव आले नाहीत. गुरुवारीही नाही. आम्ही आपसात म्हणालो, इच्छाशक्ती कमी पडली. आमच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं असतं. दर्शनाताईंनी मात्र मला न विचारता त्यांच्या पत्नीच्या मोबाइलवर फोन केला. पत्नी, संचिता म्हणू त्यांना, कामावर होत्या. ताईंच्या फोनमुळे त्या घाबरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेल्या. सहदेवांनी जीव द्यायचं ठरवलं होतं. संचिता वेळेवर पोचल्या, म्हणून ते वाचले. बस, याहून जास्त सांगत नाही.

त्यानंतर दोन्ही पेपर एका फाइलमध्ये आले. एकाच दिवशी, एकाच खोलीत, उदासीच्या गोळ्या आणि खेळावरचं बोलणं सोबत सुरू झालं. संचिताही बसायच्या. सहदेव पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. मध्ये दोनदा ते पुन्हा खेळले. पण दोन्ही वेळा ते लपले नाहीत, आठवड्याच्या आत खिडकीवर आले. मुलीशी बोलतात आता. हे मला पुष्कळ वाटतं. पुढे त्या पद्धतीबद्दल कौतुक झालं ते माझं, आणि मी ते घेतलं. पिन कुणी मारली होती, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हे आज का उकरतोय? अध्यक्षमहाराज, पुढच्या महिन्यापासून व्यसनांचा विभाग कल्याणच्या नव्या इमारतीत जाणार आणि मनाचे आजार इथे डोंबिवलीत राहणार, असं परिपत्रक माझ्या टेबलावर आलंय. इमारत चांगली आहे, हेतूही चांगला आहे. पूर्वी दोन कपाटं होती, आता दोन गावं होतील. माझी हात जोडून विनंती आहे, हा निर्णय थांबवा. न्यायचं तर दोन्ही न्या, ठेवायचं तर दोन्ही इथे ठेवा. उद्या असाच एखादा माणूस येईल, आणि तो कल्याणहून डोंबिवलीला परत येईलच याची हमी मी देऊ शकत नाही.

संस्थेने मला सांभाळलं, सहकाऱ्यांनी माझा तापट स्वभाव सोसला, आपण सगळे आलात. मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला.

आणि दर्शनाताई, कप खाली ठेवा जरा. त्या दिवशी पेशंटसमोर मी तुम्हाला बोललो होतो, म्हणून आज सगळ्यांसमोर म्हणतो. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. मला माफ करा.