शुगर सांगून गेली का?

"मावशी, तुमचा हा पोट्टा किती किलोचा आहे?"

मैत्रीण पिंकीनं पैज लावली म्हणून शाळेतून येताना सदर बाजारात जिलेबीच्या रांगेत अनुश्रीनं समोरच्या अनोळखी बाईला विचारूनच टाकलं. बाईच्या कडेवर चांगलं गुटगुटीत बाळ होतं.

"जन्मला तेव्हाच सव्वाचार किलोचा होता, बेटा! हा पोटात असताना मले शुगर निघाली होती ना."

"अन आता जिलेबी घेऊन राहिली!" सोबतची नणंद म्हणाली.

"आता काय ताई? बाळ झालं, शुगर गेली."

"जाताना तुले सांगून गेली का?"

"काहीही बोलता!"

"डॉक्टरीणबाईनं दीड महिन्यानं तपासाले बोलावलं होतं. पोट्टा आता चालाले लागला, वहिनी!"

"हव, पण तिथं गोड पाणी पाजून दोन तास बसवून ठेवतात."

"इथं अर्ध्या तासापासून उभीच आहेस ना? पुढंही दरवर्षी तपासा लागते. ही शुगर मागच्या दारानं परत येते."

"मले तर काहीच त्रास नाही."

"मग तिनं काय ढोल वाजवत यावं?"

पिंकी फिसकन हसली. अनुश्रीला मात्र हसू आलं नाही. तीही जन्मली तेव्हा सव्वाचार किलोचीच होती. तिच्या आईचीही शुगर तेव्हाच 'गेली' होती, अन पंधरा वर्षांत ती खरंच गेली का, हे कोणी पाहिलं नव्हतं.

घरी येताच तिनं दप्तर फेकलं.

"आई, उद्या सकाळी तुले चहा नाही. बाबा, तुम्ही गुपचूप पाजाल तर खबरदार! हिले उपाशीपोटी लॅबमध्ये मी घेऊन जाणार. अन हे मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली."