पडद्यावरचं सोळावं वर्ष

...नाही, जळतोच आहे मी, लपवायचं कशाला? तुम्हाला सांगतो, आमची तेजल, अकरावीत आहे, तो कॉलेजच्या पोरांचा पिक्चर परत बघायला निघाली. म्हटलं, "एवढं काय आहे गं त्यात?" तर म्हणते, "बाबा, तो आमच्यावरच काढलाय." आमच्यावर! आणि आमच्यावर कोणी काढला? काढणार कुठून, आमच्या वेळी हे वय नव्हतंच हो.

हसू नका, आठवून बघा. आमच्या वेळच्या पिक्चरात हिरो आठ वर्षांचा, पाव चोरून पळतोय, कॅमेरा त्याच्या पायांवर... आणि वर बघावं तर मिशीवाला, चाळिशीचा बाप्या! मधली वर्षं? गडप. दाभोळला तंबूतल्या सिनेमाला वाळूवर बसायचो, मी आणि माझा दोस्त गफूर, दोघेही सोळाचे, डोळे फाडून त्या पायांकडे बघायचो, म्हणायचो आज तरी मधे थांबेल. गफूर कुजबुजायचा, "राजा, आपण कुठे रे ह्यात?" मी म्हणायचो, "गप, अजून पळतोय तो."

मग आम्हीही तसेच पळालो. मॅट्रिक झालो नि गफूरला त्याच्या मामूने बोटीवर चढवला. मला आबा म्हणाले, "पोफळीच्या वीजघरात कारकुनाची जागा आहे, उद्या निघायचं." हाफपँटीतून उतरलो तो थेट फुलपँटीत, साहेबाच्या टेबलासमोर. कुठलं कॅन्टीन नि कुठली मैत्रीण... आमच्या वेळी हे वय नव्हतंच.

तर गेलो तेजलबरोबर. "या, पण मागच्या रांगेत बसा," म्हणाली. बसलो. काय ती पडद्यावरची पोरं... लेक्चरला कोणी जात नाही, बाप ओरडला की सगळं थिएटर बापालाच हसतं, मीही हसलो, काय करता. तिच्या वर्गातला राकेश मागे वळून विचारतो, "काका, कळतंय ना?" कळतंय रे बाबा, कळतंय म्हणूनच तर पोटात दुखतंय.

आणि शेवटी पडद्यावर अक्षरं आली, 'दहा वर्षांनंतर'. हिरोचं पोट सुटलेलं, हातात डबा, ऑफिसला निघालाय. मी सरसावून बसलो, म्हटलं आलो, एकदाचा मी आलो! तोच खाडखाड खुर्च्या वाजल्या, पोरं उठून दाराकडे. तेजल म्हणते, "बाबा, चला, संपला पिक्चर."

म्हटलं, "अगं, तो आत्ताच तर नोकरीला लागलाय."

"तेच म्हणतेय मी."