कोरे तीन तास

दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या तरुणाच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या आत्या-भाचीचं बोलणं आपसूक पडत होतं.

“आत्या, कादंबरीसाठी तुमचंच बंदर ठरवलं. तिथे खरंच वादळ होऊन गेलंय.”

“बाकीची बंदरं काय संपली?”

“पण तिथली भरतीची नोंदवही मिळाली ना. आजोबांचंच अक्षर. दर तासाला पाण्याची उंची लिहिलीय, फक्त वादळाचे तीन तास कोरे. तिथे मला हवं ते रचता येईल.”

“कोरे कसले? तेव्हा ते मला खांद्यावर घेऊन टेकडी चढत होते.”

“मग धोक्याचा भोंगा कोणी वाजवला?”

“आपला नंबर कितवा, बघ जरा.”

“आत्या.”

“वाजलाच नाही. भोंग्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात होती. दुसरं गाव शोध, बाळ.”