बसलेल्याले उठवायचं नाई

…आणि वरून मलेच विचारता, कापूस खरेदीच्या मुहूर्ताच्या दिवशी जिनिंगचा वजनकाटा काऊन बंद पडला म्हणून. ऐका मग. आमच्या घरची रीत एकच, बसलेल्याले उठवायचं नाई. बापाच्या काळात कापूस घेऊन आलेला माणूस ओट्यावर संध्याकाळपर्यंत लोळे, कोणी त्याले हलवत नसे. नाव होतं आमचं समुद्रपुरात… होतं, म्हणतो.

तर जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आले. ते सांभाळाले नालवाडीची गुंजन ठेवली. मागच्या खोलीत एक मोठं मशीन, त्याले सर्व्हर म्हणतात. काट्यावरचा, फाटकावरचा, शेतकऱ्याच्या मोबाइलवरचा, जो तो त्यालेच जोडलेला. आणि या पोरीनं करून ठेवलं काय? जो जोडून घेऊन नुसता बसला, त्याले मशीन आपोआप बाहेर काढे. मी आपला केबिनमध्ये चष्मा पुसून राह्यलो, तर पडद्यावर आलं, आपण बराच वेळ काही केलं नाही, पुन्हा आत या. मले? माह्याच जिनिंगमध्ये?

बोलावलं तिले. "हे काढून टाक."

"काकाजी, जोडलेल्या प्रत्येकाले सर्व्हर थोडी थोडी मेमरी देते, मग तो काम करो का न करो. पंगतीसारखं हाय. जेवलेला उठलाच नाई, तर नवीन माणूस बसन कुठं?"

"पंगतीत म्हातारा उठल्याबिगर कोणी उठत नाई. मले शिकवू नको."

काढलं तिनं. वर मी म्हटलं, कितीही येऊ दे, बसलेल्याले उठवायचं नाई.

मुहूर्त आला. फाटकापासून सडकेपर्यंत कापसाच्या गाड्या. नारळ फुटला, पहिली गाडी काट्यावर चढली… अन् काटा मुका. फाटक मुकं. शेतकरी मोबाइल दाबून राह्यले, कोणाचाच नंबर लागत नाई. आमचे जुने गिऱ्हाईक नत्थूजी म्हणतात, "पुंडलिकराव, मशीनले नैवेद्य दाखवाचा राह्यला काय?" सारे हसले. माह्या डोक्यात आग. तुम्हाले सांगतो, त्या पोरीले मी चारचौघांत नाई नाई ते बोललो. शिकली पण अक्कल नाई, म्हटलं. उद्यापासून येऊ नको, म्हटलं.

ती आत जाऊन आली. "मेमरी भरली, काकाजी. बरेचसे नुसते बसून हायेत. त्याईले उठवलं की काटा चालू होते."

आता सांगा, गाड्या खोळंबल्यावर रीत कोणाले आठवते? म्हटलं, "हाकल. कोण हाय तो फुकट्या, त्याचं नाव घे माइकवर." गाड्या बोलवाले माइक हाय आमच्याकडे, सडकेपर्यंत ऐकू जाते.

"नाव राहू द्या, काकाजी."

"घे म्हणतो ना."

घेतलं तिनं. "पुंडलिकराव, केबिनमधून… पुंडलिकराव, केबिनमधून… पुंडलिकराव, मोबाइलवरून… पुन्हा केबिनमधून…"

त्याचं असं हाय, मी पडद्यावरचं काही बंद करत नाई. चहाले उठलो की खाली सारतो, आलो की नवीन उघडतो. जुना मी तिथं तसाच बसून राह्यतो, हे मले काय माहीत? पण ते कोणाले सांगू? नत्थूजीईनं तर तोंडावर दुपट्टाच घेतला.

एकेक करून उठवलं मले. काटा चालू झाला. अन् पोरीनं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, चप्पल घातली. बायकोचीही माफी मागितली नाई कधी मी. पण शिव्या चारचौघांत दिल्या होत्या ना… माइक घेतला. "चूक माही हाय, गुंजन. जाऊ नको."

ती थांबली. "ते काढलेलं परत लावीन."

"लाव."

संपलं म्हणता? माइक सडकेपर्यंत ऐकू गेला, अन् ती सडक थेट कारंजापर्यंत बोलते. परवा तिथं लेकीच्या सासरी, याह्याकडे गेलतो. चहा झाला, सुपारी झाली, गप्पा सरल्या. बसलो होतो असाच. तर याही हळूच म्हणतात, "पुंडलिकराव, काही काम हाय, का नुसते बसले?"

उठलो. काय करता.