बार्शीचे तटस्थ पंच

लीग कशी चालवायची हे मी परदेशात शिकून आलोय ना, म्हणून आमच्या मुलींच्या खो-खो लीगचा पहिला नियम माझाच: पंच कुणाचा नातेवाईक नको. पंच थेट बार्शीहून बोलावले. पहिलाच सामना, भवानी पेठ विरुद्ध चिंचोळी, आणि पंचांची एसटी वाटेत बंद पडली. शाळेचं मैदान सहापर्यंतच होतं. सामना झाला नाही तर ते पुन्हा मिळणार नव्हतं, म्हणजे लीगच संपली. मी दर मिनिटाला फोन लावत होतो.

चिंचोळीची कॅप्टन म्हणाली, "दादा, भवानी पेठेच्या श्रावणीचे वडील जुने खेळाडू हायत. त्यांनाच शिट्टी द्या की."

"अगं, ते तुमच्या विरोधी खेळाडूचे वडील!"

"म्हणूनच की. घरात तिला सोडत न्हाईत, हितं सोडतील व्हय?"

शेवटी शिट्टी त्यांनाच दिली, आणि पहिलीच श्रावणीवर वाजली. "फाऊल!"

"नान्ना!" घरातल्या तेलुगूत ती वडिलांवर किंचाळली.

"मैदानात नान्ना नाही. पंच म्हण."

बार्शीचे पंच पोचले तेव्हा शेवटचा डाव चालू होता. पाच मिनिटं पाहून ते माझ्या कानाशी आले, "साहेब, हा पंच बदला. त्या पोरीवर लई अन्याय चाललाय."