मामी कायद्यात बसत नाही

नाही, पण मला एक सांगा, मामा असल्याचा दाखला कुठं मिळतो हो? जन्माचा मिळतो, जातीचा मिळतो, लग्नाचा मिळतो, अहो हयातीचा पण मिळतो... माणूस समोर उभा राहून खोकतोय आणि तरी म्हणतात, हयातीचा दाखला आणा! मग मामाचाच का नाही? मी दशरथ, घाटकोपरला कोकणमेव्याचं दुकान चालवतो, आणि आमच्या निधीचा मामा आहे. सख्खा मामा आहे मी, सख्खा! मानलेला नाही, गल्लीतला नाही, तिची आई दर्शना माझ्या पाठची बहीण. पण हे घसा फोडून सांगतोय, ऐकतंय कोण?

तर तुम्हाला सांगतो, निधी तेरा वर्षांची, आता आठवी झाली, मागच्याच गल्लीत राहते. मे महिना लागला की चहा-चपाती खाऊन दुकानात हजर! मी बोलावतो का? छे! "मामा, मी नसले ना, तर तुझं दुकान म्हणजे म्यूझियम आहे म्यूझियम!" आणि खोटं कशाला बोलू, आम्हाला मूलबाळ नाही, अकरा महिने मी त्या एका मे महिन्याची वाट बघतो. ती आली की दुकानाला दुकान म्हणावंसं वाटतं. मी वर्षानुवर्षं नुसता "चांगलं आहे, घ्या" "चांगलं आहे, घ्या" म्हणत बसलेला, आणि हिनं काय केलं, तर प्रत्येक बरणीवर चिठ्ठी डकवली. 'आमसूल : आंबट, पण मामीपेक्षा कमी.' गिऱ्हाईक वाचतं, हसतं, आणि पाव किलो घेऊन जातं! ती मामी म्हणजे आमच्या सौ., रत्नप्रभा. तिनं ती चिठ्ठी वाचली त्या दिवशी मला जेवायला मिळालं... मिळालं, पण ताट आपटून मिळालं.

सगळं झकास चाललं होतं, आणि कडमडले ना ते सुशांतराव! मागच्या टॉवरमधले. हाफ पँट, कानात ती पांढरी बोंडं, आणि हापूसचा भाव करायला आले ते नेमके निधीशी. "बेटा, थोडं कमी कर ना." "फिक्स्ड आहे, काका." "अगं, दोन पेट्या घेतो." "चार घ्या, काका, तरी फिक्स्डच." आग्रह झाला, गोड बोलून झालं, उठून जायचं नाटक झालं, दारातून परत येऊन झालं, पोरगी काही हलेना! घामाघूम झाला हो माणूस. आणि मग एकदम डोळे मोठे करून म्हणतो कसा, "वन मिनिट... बेटा, तू किती वर्षांची? अरे, हे तर चाइल्ड लेबर आहे!" आता मला सांगा, भाव कमी केला असता तर ती हुशार मुलगी, नाही केला तर लगेच बालकामगार? मी म्हटलं, साहेब, सख्खा मामा आहे मी, सख्खा! तर फोटो काढून चालते झाले.

गेली ना तक्रार! दोन-चार दिवसांत कामगार खात्याच्या इन्स्पेक्टर मॅडम दारात. सुती साडी, चष्मा कपाळावर, आवाज एकदम शांत. आणि शांत आवाजाच्या माणसाची मला जास्त भीती वाटते, आमची रत्नप्रभासुद्धा भांडणाआधी शांतच असते... ते जाऊ दे. "ही मुलगी तुमची कोण?" मी म्हटलं, भाची. तर त्या थकल्यासारख्या हसल्या. "दशरथराव, इतकी वर्षं नोकरी केली, जिथं जाते तिथं पोरगा मालकाचा भाचाच निघतो. वडापावच्या गाडीवर भाचा, गॅरेजमध्ये भाचा. एका हॉटेलात तर सात भाचे मोरीत भांडी घासत होते, आणि एकालाही मामाचं नाव सांगता आलं नाही." खरंच बोलली हो बाई! त्या सात पोरांचं ऐकून माझीच मान खाली गेली. पण त्या खोट्या मामांनी आम्हा खऱ्यांची वाट लावली ना!

निधी म्हणाली, थांबा, मी हाक मारून दाखवते. आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "मामाऽऽऽ!" झालं! आपल्याकडे हवालदारालाही मामाच म्हणतात ना? बाहेरचा केळीवाला हातगाडी घेऊन जो पळाला, तो सिग्नलच्या पार गेला. मॅडम म्हणाल्या, "हा पुरावा धरता येणार नाही."

तेवढ्यात देवासारखे आले आमचे भाऊजी, नितेश, निधीचा बाप. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं, "यांना ओळखता?" भाऊजींनी कान पुढे केला. "ओळखतो म्हणजे? लग्नात कानपिळीला यानंच माझा कान पिळला होता! मॅडम, नवरीच्या भावानं रीत म्हणून हळूच पिळायचा असतो की नाही? यानं नळ बंद करतात तसा पिळला. अजून या बाजूनं बायकोचं ऐकू येत नाही." मॅडमना हसू आवरेना. "माझ्या भावानंही आमच्या यांचा असाच पिळला होता. बरं, सख्खा मामा, मान्य!" ऐकलंत? मान्य!

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवायचं नाही म्हणजे नाही. पण घरचा धंदा असेल, काम धोक्याचं नसेल, शाळा बुडत नसेल, तर सुट्टीत हातभार लावलेला चालतो. आणि घरचा म्हणजे कोणाचा? आई, बाप, भाऊ, बहीण, काका, आत्या, मावशी आणि... मामा! अहो, मी नाचायचाच बाकी होतो! कायद्यात बसलो ना मी! मॅडम निघाल्या, एक पाय पायरीवर, आणि सहज मागे वळून विचारतात, "दुकान तुमच्याच नावावर ना?"

मी तोंड उघडलं... आणि आतून आवाज आला. "माझ्या!"

पदराला हात पुसत आली ना रत्नप्रभा! "दुकान माझ्या नावार आसा. बोर्ड वाचा. हे नुसते बसतत." बाईच्या नावावर कर्ज स्वस्त मिळतं म्हणून मीच केलं होतं हो ते तिच्या नावावर! आणि इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, दुकान कुणाचं म्हणून. शेवटी विचारणारं माणूस भेटलं, ते नेमकं हे! मी डोळे मिचकावतोय, खुणा करतोय, तर मला म्हणते, "डोळ्यात काय गेला तुमच्या?"

मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "मामी यादीत नाही हो, दशरथराव." काका आहे, काकू नाही. मामा आहे, मामी नाही. कायदा करणाऱ्याला मामी नव्हती काय? मॅडम म्हणाल्या, मग दुकान मामांच्या नावावर करून द्या. रत्नप्रभा काय म्हणाली असेल? "माझा दुकान मी कोणाक देवचंय नाय." संपला विषय.

निधीचा चेहरा एवढासा झाला. मॅडमनाच वाईट वाटलं, म्हणाल्या, "पुढच्या मे महिन्यात तू चौदा पूर्ण करशील ना? मग मामीचं दुकान असलं तरी चालेल. पण नियमानं! तीन तासांनी तासभर आराम, आराम धरून दिवसाला सहाच तास, संध्याकाळी सातनंतर नाही, आठवड्याला एक सुट्टी." मी ऐकतोय... ऐकतोय... आणि मला भरूनच आलं हो! मी म्हटलं, मॅडम, हा कायदा किती वयापर्यंत? "अठरा." मग माझ्याकडे बघून विचारतात, "तुम्ही दुकानात किती वाजता येता?" सकाळी सातला. "जाता?" रात्री दहाला. "सुट्टी?" मी रत्नप्रभाकडे बघितलं. "पगार?" भाऊजी फिस्सकन हसले. मॅडमनी सुस्कारा सोडला. "वय आड येतं हो, दशरथराव. नाहीतर मुलीला राहू दिलं असतं आणि तुम्हाला सोडवून नेलं असतं."

दुसऱ्या दिवशी निधी आली नाही. तिचं स्टूल रिकामं, चिठ्ठ्या वाचून लोक हसले की मला रडू यायचं. माझं सोडा, रत्नप्रभासुद्धा सारखी दाराशी जाऊन गल्लीकडे बघायची. आणि संध्याकाळी चपला घालून गेली, पोरीला हाताला धरून घेऊन आली, बाहेर स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "ही गिऱ्हाईक आसा. गिऱ्हाइकाक वय नसता."

तेव्हापासून आमचं गिऱ्हाईक सकाळपासून स्टुलावर. कामाला हात लावत नाही, कायदा म्हणजे कायदा! फणसपोळी फुकट खाते आणि तिथून ओरडते, "मामा, त्या आजींना कोकमाचं आगळ हवंय, सरबत काय देतोस? मामा, क्यूआर उलटा लावलायस!" दुकान बायकोचं, हुकूम भाचीचा, आणि राबतोय कोण? परवा सुशांतराव येऊन, दात काढून म्हणतात, "दशरथ, तुझा पार मामा केला रे दोघींनी!" मी म्हटलं, केला काय? आहेच! सख्खा! सरकारमान्य!